बालवाडीत मुलं रुळवताना: प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२५

१३ मे

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची बालवाडी. वर्ग एक, वय तीन ते चार, नवीन मुलं वीस, दोन ताई, एक मदतनीस, वेळ सकाळी ९ ते १२. सोमवारी १६ जूनला उघडायची. काम एवढंच: नवीन मुलाला ओढून, फसवून किंवा धाक दाखवून आत घ्यायचं नाही, आणि तरीही वर्ग चालला पाहिजे.

रूढ पद्धत सगळ्यांच्या परिचयाची आहे. पहिल्याच दिवशी सगळी मुलं एकदम येतात, दार लागतं, आया खिडकीशी घुटमळतात आणि आत रडण्याचा एकच गलका होतो. ‘आठवडाभर रडतील, मग होतील गप.’ होतातही. पण दोन ताईंच्या मांडीवर एका वेळी वीस मुलं मावत नाहीत, म्हणून ती रडून दमतात आणि दमून गप होतात. आई नसताना दुसऱ्या कुणाजवळ शांत होता येतं, हे त्या आठवड्यात त्यांना कळतच नाही. नेमकं तेच कळायला हवं असतं.

आराखडा बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात तयार झालेल्या पद्धतीवरून घेतला आहे. तिचा गाभा असा: पहिले तीन दिवस पालक आणि मूल दोघं मिळून तासभर येतात, या तीन दिवसांत ताटातूट अजिबात नाही. चौथ्या दिवशी पहिला छोटा निरोप. मूल त्याला कसं सामोरं जातं त्यावर पुढचे दिवस ठरतात. पहिला निरोप सोमवारी कधीच नाही, कारण मध्ये सुट्टी गेलेली असते.

ही पद्धत तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे, आपली मुलं थोडी मोठी. पण इथल्या बहुतेक मुलांनी घर आणि गल्ली सोडून एकट्याने कुठे तासभरही काढलेला नसतो, त्यामुळे वेग तोच ठेवला.

चार-चार मुलांच्या पाच तुकड्या केल्या: १६, २३, ३० जून, ७ आणि १४ जुलै. प्रत्येक तुकडीतली दोन मुलं एका ताईची, दोन दुसरीची. मुलाची ‘आपली’ ताई पहिल्या दिवसापासून ठरलेली असेल आणि निरोपाच्या वेळी मुलाला तीच घेईल.

अडचण रोजंदारीची आहे. तीन खाडे परवडत नाहीत असं पालक म्हणाले तर ती सबब समजू नये. म्हणून नव्या तुकडीचा तास सकाळी ८ ते ९, वर्ग भरण्याआधी. आई नाही तर आजी, मामा, वडील, कुणीही चालेल. अट एकच: चारही दिवस तोच माणूस.

जाता जाता एक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं तेव्हा बालवाडीच मुलांच्या वस्तीत, घरांसमोरच्या अंगणात नेली होती. तिथे आई हाकेच्या अंतरावर असायची. आता इमारत पक्की झाली, दाराला कडी आली, आणि उंबरठ्यावरचा प्रश्न मोठा झाला.

२२ मे

गृहभेटी सुरू. यंदा मेमध्येच पावसाने झोडपलं, त्यामुळे वस्तीवरच्या भेटी दुपारी उरकाव्या लागत आहेत.

भेट अर्ध्या तासाची. फॉर्म भरत बसलं की ती तपासणी होते आणि घर आवरून, मुलाला पावडर लावून समोर बसवलं जातं. म्हणून वही पिशवीतच राहील, नोंद बाहेर पडल्यावर. विचारायचं ते असं: घरी हाक कोणत्या नावाने मारता? झोपवताना काय करता, पाठ थोपटता की केसांत हात फिरवता? शू-शीला काय म्हणतो? कशाला घाबरतो (मिक्सर, कुत्रा, दाढीवाला माणूस)? रडताना जवळ घेतलेलं आवडतं की लांब बसलेलं? शेवटचा प्रश्न बहुतेक जण चुटकीसरशी उडवून लावतात, पण चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोग त्याच्याच उत्तराचा.

तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, काही घरांत दखनी (इकडची उर्दू बोली) आहे. दोन्ही ताईंनी त्या त्या भाषेतले निदान दहा शब्द पाठ करायचे: आई, पाणी, भूक, शू, दुखतं, झोप, घर, भीती, ये, नको. रडणारं मूल ‘याडी’ म्हणत असताना ताईने ‘आई येणारे हं’ म्हटलं तर अर्थ पोचतो, जवळीक पोचत नाही. ‘याडी येणारे’ म्हणायला काहीच जड नाही.

घरात शिरल्यावर गाल ओढायचा नाही, ‘नाव सांग, नाव सांग’ करायचं नाही. मोठ्यांशी बोलत खाली बसायचं. पिशवीतून एक झाकणाचा डबा काढून शेजारी ठेवायचा, आत चार-पाच मोठी बटणं किंवा लाकडी ठोकळे. मूल आपणहून डब्याकडे येतं. नाही आलं तर भेट फुकट गेली असं नाही. आपल्या घरात आपल्या माणसांशी नीट बोलणारी ताई त्याने पाहिली आहे.

२९ मे

पालकसभा. आज फक्त एकाच विषयावर बोललो: जाताना सांगून जायचं.

आज्यांचं म्हणणं ठाम होतं, की सांगितलं तर पोर रडणार, त्यापेक्षा खेळात रमलं की हळूच निघावं. वरवर हे बरोबर वाटतं, कारण त्या क्षणी रडणं टळतं. पण दहा मिनिटांनी मान वर केल्यावर आई नसते, आणि मूल त्यातून एक धडा घेतं: खेळात रमलो की आई नाहीशी होते. दुसऱ्या दिवशीपासून ते रमतच नाही. एक डोळा आईवर, हात पदराला. घरीसुद्धा आई न्हाणीघरात गेली तरी मागे जातं. मग ‘शाळेत घातल्यापासून जास्तच चिकट झालाय’ ही तक्रार येते.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात बाळं आणि आया यांचं निरीक्षण केलं. आई आहे याची खात्री असलेलं बाळ तिच्यापासून लांब रांगत जातं, काहीतरी बघतं, मागे वळून तिला पाहतं, परत येतं, पुन्हा जातं. तुमच्या अंगणात हेच चालतं, असं सांगितल्यावर सभेत माना हलल्या. आधार पक्का असेल तेव्हाच मूल त्याच्यापासून लांब जाण्याचं धाडस करतं.

सभेत ठरलेलं घरकाम. रोज एकदा, घरातलंच कुणीतरी सोबत असताना, आईने सांगून बाहेर जायचं आणि सांगितल्याप्रमाणे परत यायचं. सुरुवात पाच मिनिटांची, किराणा दुकानापर्यंत. ‘मी साखर आणायला जाते. साखर घेऊन येते.’ परत आल्यावर: ‘आले बघ. साखर आणली.’ या वयात ‘पाच मिनिटं’ किंवा ‘अकरा वाजता’ याला अर्थ नसतो. साखर दिसते, हातात धरता येते. मेपासून हा सराव झाला तर जूनमधला निरोप मुलाला नवा नसेल.

आणि चार वाक्यं घरातून हद्दपार: ‘ताईला नाव सांगीन’, ‘शाळेत घालते बघ, मग सरळ होशील’, ‘रडलास तर सुई टोचतील’, ‘असं केलंस तर सोडून जाईन’. चौथं सगळ्यात वाईट. जूनमध्ये आई खरोखरच सोडून जाते, आणि मुलाला ती धमकी खरी झाल्यासारखी वाटते.

५ जून

खोलीची तयारी.

पालकांची जागा: दाराशेजारच्या भिंतीला लागून चार बस्करं. खुर्ची नको, खुर्चीतलं माणूस मुलाच्या नजरेत बसत नाही. खेळाच्या सतरंजीपासून अंतर साधारण दोन मीटर, म्हणजे मूल आईला केव्हाही बघू शकतं आणि चार पावलांत गाठू शकतं. मोबाइल पिशवीत, कारण मोबाइलमध्ये डोकं घातलेली आई मुलाच्या लेखी जागेवर नसतेच.

चित्रपट्टी: दिवसाचे सहा फोटो, याच खोलीतले. चपला काढणं, खेळ, हात धुणं, खाऊ, गाणी-गोष्ट, आई दारात. पोस्टकार्डाएवढ्या आकारात, एका ओळीत, जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर, म्हणजे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला. भिंतीवर मोठ्यांच्या उंचीला लावलेली पट्टी ही सजावट झाली. कपडे वाळवायचा चिमटा एका फोटोवरून पुढच्यावर सरकवायचा. ‘आई कधी येणार?’ याचं उत्तर या पट्टीवर आहे: ‘खाऊ झाला. आता गाणी. मग आई.’

खेळ असे हवेत की ज्यात जिंकणं-हरणं नाही आणि मध्येच सोडून आईकडे जाता येतं. पसरट टबात पाणी, खोली फार तर पाच सेंटीमीटर, दोन वाट्या आणि एक गाळणं. टबाजवळ कायम मोठं माणूस, खेळ संपताक्षणी टब पालथा. रेतीचं ताट. आणि रंगीत गोळा: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, १ मोठा चमचा तेल, चिमूटभर हळद, पाणी सुमारे पाऊण वाटी. पाणी थोडंथोडं घालावं, एकदम ओतलं तर चिकटा होतो. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा हाताला चिकटतो. मूठभर मैदा मळून घेतला की जमतो. घट्ट झाकणाच्या डब्यात चार दिवस टिकतो, नंतर टाकावा. हाताला खरचटलेल्या मुलाला देऊ नये, मीठ झोंबतं. खारट असल्यामुळे मुलं फारसा खात नाहीत, तरी लक्ष हवं.

घरून आणायच्या वस्तू: कपड्यांचे दोन जादा जोड आणि आईच्या वापरातल्या साडीचा किंवा ओढणीचा वीतभर तुकडा. कडा शिवलेल्या, दोरा किंवा नाडी लोंबती नको, लांबी गळ्याभोवती गुंडाळता येणार नाही एवढीच. तुकडा धुऊन आणू नका असं मुद्दाम सांगावं लागतं, कारण पाठवायचं म्हणून प्रत्येक आई तो स्वच्छ धुते आणि वासच जातो.

१६ जून

पहिली तुकडी, पहिले तीन दिवस.

पालकाने काय करायचं: बसायचं. मूल आलं तर मांडीवर घ्यायचं, गेलं तर जाऊ द्यायचं. ‘जा ना, खेळ ना, बघ ती कशी खेळते’ हे नको. ढकललेलं मूल दुप्पट जोराने चिकटतं. आणि स्वतः उठून मुलाशी खेळायला लागू नये. आई चांगली खेळगडी झाली तर ताईला शिरायला जागाच उरत नाही.

ताईने काय करायचं: मुलापासून हातभर लांब जमिनीवर बसून स्वतः काहीतरी सुरू करायचं. गोळ्याची पोळी लाटावी, वाटीत पाणी ओतावं. मुलाकडे टक लावून बघायचं नाही. त्याने ठोकळा पुढे केला की घ्यायचा, ‘अरे वा, शाब्बास!’ असा गजर न करता. ‘लाल ठोकळा दिलास’ एवढं पुरे. पहिल्या दिवशी शू, हात धुणं, पाणी पाजणं हे पालकच करेल, ताई शेजारी उभी. दुसऱ्या दिवशी ताई मदतीला, तिसऱ्या दिवशी ताई करेल आणि पालक शेजारी. शरीराची कामं ज्याला करू दिली त्याच्यावर मुलाचा भरवसा बसतो. गाणी म्हणून तो एवढ्या लवकर बसत नाही.

ताईला पहिल्या दिवशी ‘आपण काहीच केलं नाही’ असं वाटतं. तसंच वाटायला हवं.

१९ जून

पहिला निरोप. क्रम:

तासाच्या सुरुवातीला नव्हे, मूल कशाततरी हात घालून बसल्यावर, साधारण दहा-पंधरा मिनिटांनी. पालक मुलाजवळ येतो, खाली बसतो, नाव घेऊन बोलतो: ‘सोनू, मी बाहेर जाते. ताई तुझ्याजवळ आहे. मी परत येते.’ त्या घरची ठरलेली एक खूण (गालाला गाल, हाताचा पापा, टाळी), रोज तीच. मग उठून जायचं. सगळं मिळून एक मिनिट.

‘जाऊ का?’ असं विचारायचं नाही. मूल ‘नको’ म्हणालं आणि आई तरीही गेली, तर विचारलं कशाला? जायचं नक्की असेल तेव्हा ते सांगावं. मुलाच्या उत्तराने काही बदलणार असेल तेव्हाच विचारावं. हा नियम घरीसुद्धा लागू पडतो: ‘अंघोळ करायची का?’ यापेक्षा ‘अंघोळीची वेळ झाली, तांब्या तू घेतोस की मी?’

ताई त्याआधीच शेजारी येऊन बसलेली असेल. आईच्या हातून मूल हिसकायचं नाही, आईनेच ते ताईच्या मांडीवर द्यायचं किंवा ताईने हात पुढे करून थांबायचं. दार लागल्यावर ‘तो बघ कावळा!’ नको. आई आत्ता गेली आहे आणि त्याला कावळा दाखवणं म्हणजे त्याचं दुःख पाहिलंच नाही असं सांगणं. ‘आई गेली. तुला आई हवी. मी आहे इथे.’

पालक दाराबाहेर, दिसणार नाही पण हाक ऐकू येईल अशा ठिकाणी थांबतो. मूल रडलं आणि दोन-तीन मिनिटांत ताईजवळ निवू लागलं, तर अर्ध्या तासापर्यंत थांबायचं. रडणं चढत गेलं, अंग ताठ झालं, ताईला ढकलू लागलं, तर पालकाला लगेच आत बोलवायचं. परत आल्यावर ‘आले मी’ म्हणून जवळ घ्यायचं आणि दोघांनी घरी जायचं, त्या दिवशी पुन्हा खेळायला बसायचं नाही. नाहीतर निरोप संपला आहे की अजून एक व्हायचा आहे, हे मुलाला कळत नाही.

जी मुलं ताईजवळ निवली त्यांचा पालक दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा-पाऊण तास जास्त बाहेर. साधारण दुसऱ्या आठवड्याअखेर मूल पूर्ण वेळ बसतं. जी निवली नाहीत त्यांचे पुढचे दोन दिवस ताटातूट नाही, सातव्या दिवशी पुन्हा प्रयत्न, एकूण दोन ते तीन आठवडे. सोमवारी वेळ वाढवायचा नाही, शुक्रवारचाच ठेवायचा. पालकांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर ‘शेजारचं पोर बसायला लागलं, आमचंच मागे’ सुरू होतं. वेळ जास्त लागणं म्हणजे मूल मंद किंवा लाडावलेलं असा अर्थ काढू नये.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एका ठिकाणी: निरोप घेऊन गेलेली आई रडणं ऐकून स्वतःच दार उघडते, डोकावते, आणि पुन्हा जाते. एका सकाळी दोन निरोप. आत बोलवायचं की नाही हे ताई ठरवेल, आणि बोलावलं तर पुन्हा जायचं नाही.

२५ जून

रडणाऱ्या मुलाला सांभाळण्याबद्दल ताईंसाठी.

आधी स्वतःचा श्वास. भरभर बोलणारा, मूल गदागदा हलवणारा माणूस मुलाला शांत करू शकत नाही, कारण या वयात मूल शांत होतं ते जवळच्या मोठ्या माणसाच्या लयीवर. स्वतःला आवरणारी मेंदूची यंत्रणा अजून कच्ची असते. समोर नाही, बाजूला बसा. उभं राहून वाकू नका. ‘उचलू का?’ विचारा, हात पुढे आला तर उचला. नको म्हणालं तर हातभर लांब बसून राहा, निघून जाऊ नका. वाक्यं छोटी, आवाज खालचा, आणि मध्ये गप्प बसायला घाबरू नका.

‘रडू नको, शहाणी मुलं रडत नाहीत’ यातून शहाणपण येत नाही, लपवणं येतं.

रडता रडता मारणं, चावणं, ओरबाडणं येणारच. मनगट हलके धरा, दाबू नका. ‘राग आलाय. मारू देणार नाही मी.’ एवढंच. याच वेळी व्याख्यान दिलं तर एक शब्दही आत जात नाही. जे काय सांगायचं ते खाऊ झाल्यावर, दोन वाक्यांत.

दोन मुलं एकदम रडली तर एक मांडीवर, दुसऱ्याच्या पाठीवर हात. तिसरं नुसतं ऐकून रडवेलं होतं. त्याला सांगा, ‘त्याला आई हवी आहे म्हणून रडतोय. त्याची आई येणार. तुझीही येणार.’

नोंदवहीत रोज प्रत्येक मुलाच्या चारच गोष्टी: निरोपानंतर निवायला किती वेळ, कशाने निवलं, खाल्लं का, शू केली का. रडणं मोजून काही कळत नाही. रोज दारात दोन मिनिटं रडून मग ताईच्या हाताने भाकरी खाणारं मूल रुळलेलं आहे. न रडता तीन तास शू दाबून बसलेलं मूल रुळलेलं नाही. आणि मूल ताईवर रागावलं, तिला ‘जा!’ म्हणालं, तर तेही चांगलं लक्षण धरा. परक्या माणसावर इतकं मोकळं रागावता येत नाही.

चड्डी ओली झाली तर ‘ओलं झालं, बदलू या’. सगळ्यांसमोर बोलायचं नाही, घरी कपडे देताना तोंड वेंगाडायचं नाही. पहिले काही आठवडे हे होतंच, घरी वर्षभर कोरडं राहिलेल्या मुलाचंही.

३ जुलै

न रडणारी मुलं. पहिल्या तीन तुकड्यांत सगळ्यात जास्त लक्ष यांच्याकडे द्यावं लागतं आहे, आणि पालकांना हेच पटवणं अवघड.

जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये १९५२ साली दवाखान्यात एकटं ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. तेव्हा दवाखान्यांत पालकांना भेटीची जेमतेम परवानगी असे, आणि काही दिवसांनी मुलं शांत होतात म्हणजे रुळतात असं मानलं जाई. रॉबर्टसन यांनी दाखवलं ते वेगळंच: आधी आकांत, मग खिन्न शांतपणा, आणि वियोग लांबला तर आई आल्यावरही तोंड फिरवणं.

तीन तासांची बालवाडी आणि दवाखान्यातले दिवस यांची बरोबरी करण्याचं कारण नाही. पण गप बसणं म्हणजे निवणं नव्हे, हे तिथून इथवर खरं आहे. २००४ साली बर्लिनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा महिन्यांच्या, पाळणाघरात नव्याने आलेल्या बाळांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, त्यात मोजलं होतं. आई सोबत असतानाच्या दिवसांपेक्षा ताटातूट सुरू झाल्यावर ते बरंच वाढलं, आणि पाच महिन्यांनंतरही घरच्या पातळीपेक्षा जास्तच होतं, तोवर रडणं कमी झालेलं असूनही.

ओळखायचं कसं: मूल एकाच जागी बसतं, हातातली वस्तू धरून ठेवतं पण खेळत नाही, दाराचा आवाज झाला की मान वळते, खाऊ तोंडात घोळवतं, पडलं तरी कुणाकडे जात नाही. त्याला गटात ओढू नका. ‘आपल्या’ ताईने रोज दहा मिनिटं फक्त त्याच्याशेजारी बसायचं, पहिल्या तीन दिवसांसारखं. पालकाला आणखी दोन-तीन दिवस तासभर बसायला बोलवायचं. मग अनेकदा ते मूल रडायला लागतं, आणि पालक म्हणतात, ‘चांगलं चाललं होतं, तुम्ही बिघडवलंत.’ वही उघडून त्याचं खाणं आणि शू दोन्ही सुधारलेलं दाखवावं. शब्दांपेक्षा ते लवकर पटतं.

९ जुलै

घरच्या तक्रारी सगळ्या एकाच वळणाच्या: बालवाडीत गुणाचा, घरी आल्यावर मात्र कारण नसताना भोकाड. बिस्कीट मोडलं म्हणून अर्धा तास.

कारण आहे. तीन तास मुलाने स्वतःला सावरून धरलेलं असतं, आणि सैल सोडायला सुरक्षित जागा आईची. बिस्कीट फक्त निमित्त. तेव्हा नवं बिस्कीट देऊन किंवा रागावून काही होत नाही. ‘मोडलं. तुला अख्खं हवं होतं.’ आणि जवळ बसणं.

घरी पोचल्यावरचा पहिला अर्धा तास असा ठेवा: पाणी, खायला काहीतरी, मांडी. ‘आज काय शिकवलं? कविता म्हणून दाखव’ नको, पाहुणे असले तरी नको. त्याऐवजी आईने स्वतःचंच सांगावं: ‘मी आज मेथी निवडली, मग तुला आणायला आले.’ थोड्या वेळाने त्याचं सुरू होतं.

झोप. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास लागतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि पडद्यासमोर बसणं एक तासाच्या आत, जितकं कमी तितकं बरं. सकाळी साडेसहाला उठवायचं तर दुपारची झोप धरूनही रात्री नऊ-साडेनऊला मूल अंथरुणात हवं. मालिका संपेपर्यंत जागणाऱ्या घरात हे बसत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या निरोपाचं निम्मं रडणं त्या अपुऱ्या झोपेचं असतं.

१८ जुलै

पाचव्या तुकडीचा पहिला निरोप काल झाला. आज वडील आणि आजोबांची सभा, संध्याकाळी सातला, कारण सकाळी ते येत नाहीत.

‘इतकं लाडाने बोललं तर पोरं डोक्यावर बसतील.’ या शंकेला बगल देऊ नये. माया करणं आणि मर्यादा घालणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात. वर्गात नियम तीनच आहेत: कुणाला दुखवायचं नाही, ताईला सांगितल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही, वस्तू फेकायची नाही (चेंडू सोडून). ते रोज, प्रत्येक मुलाला, प्रत्येक ताईकडून सारखेच. नियम दहा केले की मोठ्यांनाच आठवत नाहीत, मग मूड असेल तसे लागू होतात, आणि मूल कुठवर ताणता येतं ते तपासत राहतं.

मोठ्यांनी मर्यादा पाळायला लावणं म्हणजे काय, ते उदाहरणाने दाखवलं. मूल रेती फेकतं. जवळ जाऊन, खाली बसून: ‘रेती ताटात. फेकलीस तर ताट उचलणार.’ पुन्हा फेकली तर ताट उचलायचं. ओरडून नाही, टोमणे मारूनही नाही. रडेल. रडू द्यायचं, जवळ बसायचं, ताट मात्र परत ठेवायचं नाही. ‘उद्या पुन्हा खेळू.’ बहुतेक घरांत याच्या उलट होतं: दहा वेळा ‘नको रे, नको रे’, मग धपाटा, मग वाईट वाटून चॉकलेट. यातून मूल एवढंच शिकतं की दहाव्या ‘नको’पर्यंत काही होत नाही.

‘आम्हालाही मार बसला, काय बिघडलं?’ यावर वाद घालून सभा जिंकता येत नाही. एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: मारल्यानंतर मुलाच्या डोक्यात काय असतं, रेती की तुमचा हात? तिथे थांबावं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. आपली मुलं त्या वयाच्या आतली, पण म्हणून इथे मुभा आहे असं कुणी समजू नये. या वर्गात कुणीही मुलावर हात उचलणार नाही, दारात आलेले पालकसुद्धा.

चावणाऱ्या मुलाबद्दल दोन्हीकडच्या पालकांना आजच्या आज सांगावं, नाव न घेता. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जायचं, जखम धुवायची. नंतर चावणाऱ्याकडे. ‘सॉरी म्हण’ची सक्ती नको, ओला रुमाल धरायला द्या, तेवढं त्याला जमतं. वहीत वेळ लिहा. चावणं बहुतेक वेळा एकाच घटिकेला होतं, खाऊच्या आधी किंवा गर्दीत, आणि मग इलाज खाऊ वीस मिनिटं अलीकडे आणण्याचा असतो.

५ ऑगस्ट

ताई रजेवर जाणार असेल तर तिनेही सांगून जायचं. आदल्या दिवशी, मुलांना, त्याच पद्धतीने. ‘उद्या मी नाही. दुसऱ्या ताई आहेत. परवा मी येते.’ मुलांना कळत नाही म्हणून गुपचूप रजा घेणं हे आईने मागच्या दाराने निघण्यासारखंच आहे.

अचानक आजारपण आलं तर तिचा फोटो चित्रपट्टीशेजारी लावून सांगावं. ‘आपल्या’ ताईशिवाय दुसऱ्या ताईकडेही मुलाने निदान खाऊ-पाण्यासाठी जावं, याचा सराव तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचा, नाहीतर एका रजेने सगळं कोसळतं.

आणि ताईंचं स्वतःचं. सकाळभर मांडीवर रडणारं मूल घेणाऱ्या बाईचा संयम संपतो, तो वाईट स्वभावाचा पुरावा नाही. दोन ताईंमध्ये एक खूण ठरवली आहे: कानाला हात लावला की दुसरीने मूल घ्यायचं, कारण न विचारता, आणि पहिलीने पाच मिनिटं बाहेर जाऊन पाणी प्यायचं. निघताना मुलाला ‘मी पाणी पिऊन येते’ सांगून.

३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. गणपतीनंतर दोन दिवस जाणवलेलं आज मोठ्या प्रमाणात दिसतं: ऑगस्टमध्ये हसत आत जाणारी मुलं दारात पुन्हा पदर धरतात. ही घसरण अपेक्षित आहे. उपाय छोटा: पहिले दोन दिवस पालक आत दहा मिनिटं बसेल, मग ठरलेला निरोप. चित्रपट्टीचा चिमटा पुन्हा वापरात. या आठवड्यात नवीन काही सुरू करायचं नाही, ना गाणं ना बसायच्या जागांचे बदल. फक्त पाहुणचाराच्या जागरणांमुळे झोप बिघडलेली असते, ती घरी सांगून आधी जागेवर आणायची.

साखर कारखान्यांचा यंदाचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून आहे, त्यामुळे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं याच दिवसांत निघतात. बहुतेक ठिकाणी असं मूल एका सकाळी नुसतं येत नाही, आणि बाकीची त्याच्या बस्कराकडे बघत राहतात. निघायचा दिवस मुकादमाच्या (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) गाडीवर ठरतो आणि आदल्या रात्रीच कळतो, म्हणून तयारी आत्ताच हवी:

जाणाऱ्या मुलाला सांगायचं की तू आईबाबांबरोबर कारखान्याकडे जाणार आहेस, ऊस संपला की परत येशील, तुझं बस्कर इथेच राहील. हातात दोन फोटो द्यायचे, एक ताईचा, एक वर्गाचा. प्लॅस्टिकच्या पाकिटात, कारण कोपीत (तोडीवरच्या झोपडीत) ओल असते. आईला सराव सांगायचा तो मेमधलाच: फडावर जाताना सांगून जायचं, मूल थोरल्या बहिणीकडे असलं तरी. झोपेत सोडून गेलेलं मूल उठल्यावर आईला शोधत उसाच्या फडाकडे चालू लागतं, आणि तिथे बैलगाड्या, ट्रॅक्टर, कोयते असतात. इथे सांगून जाण्याचा संबंध फक्त मायेशी नाही, जिवाशी आहे.

वर्गातल्या मुलांनाही त्याच दिवशी सांगायचं. हजेरीतून नाव काढायचं नाही. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की ‘कारखान्यावर आहे’ असं मुलांनीच म्हणायचं.

मार्च-एप्रिलमध्ये ही मुलं परततील तेव्हा त्यांना जुनी समजून थेट नऊला बसवू नये. तीन दिवस सकाळी ८ ते ९, पालकासोबत, चौथ्या दिवशी निरोप, ताई तीच. परतल्यावर पहिल्या आठवड्यात घरची माणसं बी-बियाणं आणि उचलीच्या (मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेच्या) हिशोबात असतात, त्यामुळे तेव्हा सोबत कोण बसणार ते निघतानाच विचारून नाव लिहून ठेवायचं. गावात राहणारी आजी असेल तर तिचंच.